चढाला दम सोडणारी गाडी

मोनिकाची गाडी दत्तोबाच्या शेडपुढं येऊन थांबली तेव्हा इंजिन कसं गुळगुळीत फिरत होतं. खोड ती हीच. दवाखान्याच्या पायरीवर आला की ज्याचं दुखणं पळून जातं, तसला पेशंट होती ती गाडी.

"परत?" दत्तोबानं विचारलं.

"परत," मोनिका खाली उतरली आणि दार जरा जोरातच लावलं. "इंद्रायणीचा पूल वलांडला, चढाला कंटेनरच्या बाजूनं काढायला गेले, आन् निम्म्यात दम सोडला की हो तिनं. पाय बुडापातुर दाबायले मी, पर गाडी वढंना. मागून दुसरा हॉर्नवर हॉर्न मारायलाय. आत सा बाया. एक तर आई-आई करत व्हती."

"मग?"

"मग काय. कंटेनरवाल्यालाच दया आली, त्यानं ब्रेक मारला. म्हनून हितं उभी हाय."

दत्तोबा पुढं झाला. बॉनेट उघडून नुसताच बघत राहिला. ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला त्यानं प्लग बदलले, दुसऱ्या खेपेला तेलाच्या दाबाचा स्विच बदलला, आणि दोन्ही वेळी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आता जा बिनघोर." दोन्ही वेळी गाडी चार दिवस शहाण्यासारखी वागली आणि मग भर रस्त्यात आडवी झाली.

"दादासाहेबानं आज सांगूनच टाकलंय," मोनिका म्हणाली. दादासाहेब म्हणजे कंत्राटदार. चाकणच्या कंपनीत दिघी-भोसरीच्या बाया पोचवणाऱ्या गाड्या त्याच्या हाताखाली. "उद्या सकाळची शिफ्ट गेटवर टायमाला उतरली तर रूट तुझा. न्हाई उतरली तर दुसरी गाडी गेटवर उभी करून ठेवलेली आसंल, तिला रूट. काका, मी लातूरहून आले तवा मला सायकल येत न्हवती. ह्या रूटसाठी मी गाडी शिकले. तुमाला जमत नसंल तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडं नेते."

"जमंल," दत्तोबा म्हणाला. पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता, आणि ते मोनिकाच्याही ध्यानात आलं.

दत्तोबा दिघीच्या जुन्या गावठाणातला. बापाची जमीन लष्कराच्या हद्दीला टेकून. तिचा उरलासुरला तुकडा आता शेडखाली आणि भावाच्या चाळीखाली गेलाय. पोरवयात तो मेकॅनिक झाला तो विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर. ते इंजिन गळायचं. गळलेलं तेल विहिरीत उतरायचं, पाण्यावर मोरपिशी तवंग यायचा आणि बायका हंडा तसाच उचलून माघारी जायच्या. बाप चारचौघांत दत्तोबाला शिव्या घालायचा. तेव्हापासून गळकं इंजिन म्हणजे त्याला घराण्याची बेअब्रू वाटायची. पुढं ट्रॅक्टर आले, मग जीपा, मग टेम्पो. जिथं दोन लोखंडं एकमेकाला भेटतात तिथं दत्तोबा गळती थांबवणारी, वाळली की रबर होणारी राखाडी पेस्ट अशी भरायचा, की बोल्ट आवळले की ती चटणीसारखी कडेनं बाहेर यावी. दापोडीपासून आळंदीपर्यंत लोक म्हणायचे, दत्तोबानं बसवलेलं झाकण गळायचं न्हाई. ते खरंच होतं. बायको विमलबाई म्हणायची, "आमच्या घरात पोळीवर येवढं तूप पडलं आसतं तर सगळी धष्टपुष्ट झाली आसती."

मोनिका स्टूल ओढून बसली. "मी हितंच बसते. आज हलत न्हाई."

दत्तोबानं दिग्विजयला फोन लावला. दिग्विजय चिखलीचा, तिशीतला, स्कॅनरची बॅग मोटरसायकलला अडकवून गॅरेज-गॅरेज फिरणारा. तो आला, गाडीच्या पोटात स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"तेच परत, काका. व्हॉल्व्ह लिफ्ट. लहानावरून मोठ्यावर जातच नाहीये."

"मराठीत सांगा की," मोनिका म्हणाली.

"ताई, इंजिनाला हवा घ्यायला झडपा असतात. गाडी हळू चालली की झडप थोडी उघडते, तेवढ्यात भागतं. चढ आला, ओझं आलं, तुम्ही पाय दाबला, की झडप जास्त उघडायला लागते. त्यासाठी झडप ढकलणाऱ्या लहान उंचवट्याशेजारी दुसरा मोठा उंचवटा फिरत असतो."

"आन् त्याला जोडनारी एक खिट्टी आसती," दत्तोबा मधेच बोलला. त्याला राहवलं नाही. "जुवाला शिवळ घालत्यात ना, तशी. शिवळ बसली की बैल जुवातनं सुटत न्हाई. ही खिट्टी तेलाच्या दाबानं आत सरकती. सरकली की मोठा उंचवटा झडपंला लागू व्हतो."

"आणि तेल तिथं पोचलंय का, हे बघायला एक स्विच बसलाय," दिग्विजय म्हणाला. "तो कॉम्प्युटरला चुगली करतो. तेल नाही पोचलं तर कॉम्प्युटर म्हणतो, मग पळायचंच नाही. जीव वाचवायला तो इंजिनाचा गळा आवळतो."

"माजा जीव जातोय आन् ह्याला इंजिनाचा जीव वाचवायचाय," मोनिका म्हणाली.

गॅसवर आणि पेट्रोलवर, दोन्हीवर तेच होत होतं, म्हणजे इंधनाचा दोष नाही. तेलाची पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर. दत्तोबानं मीटर लावून तेलाचा मूळ दाब बघितला; काटा जागेवर. दिग्विजयनं सोलेनॉइडला थेट बॅटरीची वायर लावली. सोलेनॉइड म्हणजे तेलाची वाट उघडझाप करणारा विजेवरचा नळ. त्यानं 'टक' असा आवाज दिला. नळही जिवंत.

"आता राहिली जाळी," दिग्विजय म्हणाला. "नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. उघडू या, तीनच बोल्ट आहेत."

"आदी वायर बघू," दत्तोबा म्हणाला.

वायर बघितली. उंदरानं कुरतडली असंल म्हणून पार आतपर्यंत टॉर्च मारून बघितली. वायर धड होती.

"आता जाळी?"

"स्विच सेकंड हँड टाकल्याला हाय. दुसरा टाकून बघू."

दिग्विजयनं मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं. दत्तोबा पान्हे पुसत होता. पुसलेलाच पान्हा पुन्हा पुसत होता. दिवाळीच्या आधी ह्याच गाडीचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, गळत होतं. ते त्यानंच बसवलं होतं. त्यानंतर ते एक थेंबही गळलं नव्हतं. आणि हा चढाचा आजार सुरू झाला तो त्यानंतरच. ही गोष्ट सकाळपासून त्याच्या डोक्यात दारामागं उभी होती आणि तो दार उघडत नव्हता.

विमलबाई चहा घेऊन आली. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, नवरा मात्र पुरता कळत होता.

"उघडा की ती जाळी," ती कप ठेवत म्हणाली. "आत काय साप बसलाय व्हय? मघापसनं तिच्याभवती परदक्षिणा घालताय."

दत्तोबानं कपाला हात लावला नाही. तीन बोल्ट सोडले. नळ हातात आला. त्याच्या तोंडाशी नखाएवढी जाळी, आणि तिच्यावर राखाडी रबराचे बारीक तुकडे चिकटून बसलेले. शेवयांचा चुरा गाळणीत अडकावा तसे. उजेडाला धरली तर चारच भोकांतून उजेड आला.

"पेस्ट आहे," दिग्विजय म्हणाला. "कुणीतरी झाकण बसवताना..." आणि तिथंच थांबला. त्या गल्लीत बाकी सगळे काळी पेस्ट वापरत. राखाडी एकच माणूस वापरायचा.

बाहेर स्टुलावर मोनिका फोनवर कुणाला तरी सांगत होती, व्हय, बघायलेत, काय की.

दिग्विजय आवाज खाली आणून म्हणाला, "काका, जाळी धुऊ, बसवू. उद्या चढ मारेल गाडी. विषय संपला."

"उद्या मारंल."

"मग झालं की."

"बाहेर चटणी येती तेवढीच आत बी येती, दिग्विजय. आत गरम तेलाचा मारा बसतोय. एक-एक तुकडा सुटनार, खाली चेंबरात, तेलाच्या टाकीत, जानार. तिथं मोठी जाळी हाय, पंपाच्या तोंडाला. ती तुंबली तर खिट्टी-बिट्टी ऱ्हायली बाजूला, सगळंच इंजिन कोरडं पडंल. जाम व्हईल. आन् कुटं व्हईल? शेडात न्हाई व्हनार. हायवेला, कंटेनरच्या पुढं."

"म्हणजे चेंबर पाडायचा?"

"चेंबर पाडायचा, वरचं झाकन बी काडायचं."

"मग तिला काय सांगणार? एवढा पसारा कशाला म्हणून?"

दत्तोबानं जाळी फडक्यावर ठेवली, फडकं उचललं आणि मोनिकापुढं नेऊन धरलं.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"पेस्ट. माज्या हातची. दिवाळीच्या आदी झाकन बसवलं, त्यातली. हिनं तेल आडवलंय."

मोनिकानं बोटानं एक तुकडा उचलला, चिमटीत ताणून बघितला. तो रबरासारखा ताणला गेला आणि तुटला नाही. तिनं तो दुसऱ्यांदा ताणला; दत्तोबाला तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

"म्हंजे आज माज्या गाडीत त्या सा बाया मेल्या असत्या," ती शेवटी म्हणाली, "तर ह्याच्यापायी."

"व्हय."

"आन् तुमी दोनदा मला बिनघोर जा म्हनलाव."

"म्हनलो."

विमलबाई पदराला हात पुसत दारात उभी होती.

"उद्यापातुर व्हतंय?"

"आत्ता हात घातला तर व्हतंय. पर पेस्ट वाळायला रात लागती. सकाळी मगच इंजिन चालू."

"ठीक हाय," मोनिका उठली. "पर उद्या सकाळी तुमी गाडीत बसायचं. फुडं, माज्या शेजारी. चढ संपूस्तोवर. तुमचं 'बिनघोर' मला नुसतं तोंडचं नगं."

ती भोसरीची बस धरायला गेली. दत्तोबानं गाडी जॅकवर घेतली.

चेंबर खाली आला तेव्हा पंपाच्या जाळीचा एक तृतीयांश तरी राखाडी होता. दिग्विजय नुसता हुश्श करून बसला. झाकण उलटं केलं तर आतल्या कडेनं पेस्टची झालर लोंबत होती, काही ठिकाणी तुटलेली, काही ठिकाणी तुटायच्या बेतात. दत्तोबानं ती लाकडी पट्टीनं खरवडली. लोखंडाची पट्टी वापरली नाही. ॲल्युमिनियमला ओरखडा पडला तर मग खरंच गळतं. खरवडलेला प्रत्येक तुकडा तो थाळीत टाकत होता, आणि एकही आत पडू नये म्हणून इंजिनाच्या डोक्यावरच्या सगळ्या भोकांत विमलबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. ती एकदा येऊन बघून गेली. "धडकं हाय ते लुगडं," एवढंच म्हणाली.

तेलाच्या वाटेत हवा मारली. खिट्ट्या बोटानं दाबून बघितल्या. आत सरकत होत्या, सुटल्या की परत येत होत्या. तेवढं तरी धड होतं.

मग झाकण बसवायची वेळ आली. त्याला रबराचं नवं पॅकिंग होतं आणि पॅकिंग असलं की पेस्ट लागतच नाही. फक्त जिथं दोन भाग जुळतात त्या कोपऱ्यांना डाळीएवढा ठिपका. दत्तोबाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण चाळीस वर्षं बोटांनी एकच काम केलेलं. त्यानं चारी कोपऱ्यांना ठिपके दिले आणि हात थांबेचना. अंगठा ट्यूब दाबत पुढच्या कडेवर निघालाच.

"काका, ट्यूब इकडं द्या," दिग्विजय म्हणाला.

"थोडीशीच..."

"इकडं द्या."

दत्तोबानं ट्यूब दिली. दिग्विजयनं ती सरळ खिशात घातली आणि चेन लावली. दत्तोबानं झाकणाच्या त्या उघड्या, कोरड्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. ही गळणार, असं त्याचं सगळं अंग त्याला सांगत होतं. त्यानं बोल्ट मधून बाहेर, आडवेतिडवे, हलक्या हातानं आवळले. मग ट्यूब मागून घेऊन चेंबरालाही पेस्टची एक बारीक धार दिली, सुतळीएवढी, आणि ती देताना दिग्विजय शेजारी उकिडवा बसून राहिला होता.

सकाळी तांबडं फुटायच्या सुमाराला नवं तेल घातलं आणि इंजिन सुरू केलं. डॅशबोर्डवरचा इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा गेला. पण शेडात तो नेहमीच जायचा.

मोनिका आली, गाडीभोवती एक फेरी मारली, स्टिअरिंगवर बसली. दत्तोबा पुढच्या सीटवर, पायाशी अवजारांची पिशवी. मॅगझीन चौकात पहिल्या बाया चढल्या. त्यांच्यात कुसुमताई, सगळ्यांत थोरली, जुन्या शिफ्टवाली.

"हे कोन पावनं?" तिनं विचारलं.

"गाडीचे जामीन," मोनिका म्हणाली. "काल जे झालं ते ह्यांच्यामुळं झालं. आज परत झालं तर आपल्यासंगट हे बी."

"मग पयल्यांदा त्यांनाच ढकला भाईर," मागून करिष्मा म्हणाली. कालची आई-आई करणारी तीच. "काका, पोहायला येतं का? पूल येतोय."

दत्तोबानं मागं वळून बघितलं नाही. त्याचं ध्यान इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडं होतं. गाडी रिकामी असताना जे लपतं ते भरल्यावर बाहेर पडतं, आणि आता गाडी भरली होती. डबे, पिशव्या, सहा बाया आणि वर तो एक. मोशी मागं पडली. पूल आला. पुलाच्या पल्याड रस्ता चढाला लागला आणि पुढं पोलादाच्या गुंडाळ्या लादलेला ट्रेलर, चालत्या माणसाच्या चालीनं.

मोनिका त्याच्यामागं राहिली. आरशात बघितलं, पुन्हा राहिली.

"असंच गेलं तर हजेरीचं पंचिंग गेलं बघ," कुसुमताई म्हणाली. "आन् गेटवर तो दादासाहेब दुसरी गाडी घिऊन उभा."

"दिसतंय मला."

"मग काढ की."

मोनिकानं स्टिअरिंग घट्ट धरलं. तिनं दत्तोबाकडं बघितलं. "काय म्हनताव, काका?"

'बिनघोर' हा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता. तो त्यानं गिळला.

"गिअर एक खाली घे," तो म्हणाला. "आन् मागं मोकळं हाय का बघ. मोकळं आसंल तर दाब. दम सोडला तर वाट बघायची न्हाई, लगेच मागं घ्यायची, तेवढी जागा ठिवून दाब."

तिनं बाहेर काढली आणि पाय दाबला. काटा चढला. जिथं काल गळा आवळला गेला होता तिथं येऊन तो क्षणभर कापला. मग बॉनेटखालचा आवाज बदलला. घसा बसलेल्या माणसानं एकदम मोकळा घसा काढावा तसा तो भरदार झाला, पाठ सीटला दाबली गेली, आणि ट्रेलरची चाकं एकामागून एक खिडकीतून मागं सरकली. पिवळा दिवा लागला नाही. मोनिका डाव्या बाजूला आली.

"बसली," दत्तोबा म्हणाला.

"काय बसली?"

"खिट्टी."

चिंबळी फाटा गेला असेल नसेल, करिष्मा म्हणाली, "काहीतरी जळाल्यावानी वास येतोय."

वास होता. तेलाचा, करपल्यासारखा. बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघही निघाली. दत्तोबाच्या डोळ्यांपुढं ती कोरडी कड आली.

"बाजूला घे."

"काका, टाइम..."

"बाजूला घे म्हनतो."

कडेला लिंबाखाली गाडी थांबली. दत्तोबानं बॉनेट उघडून झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं. गरम होतं, चटका बसला, तरी सगळ्या कडेनं फिरवलं. बोट कोरडं. मग खाली वाकला. धूर सायलेन्सरच्या नळीवरून येत होता, त्यावर काळसर ओघळ. हा ओघळ आत्ताचा, का काल चेंबर पाडताना सांडलेल्या तेलाचा? आत्ताचा असेल तर वरून धार आलेली असायला पाहिजे. त्यानं नळीच्या वरचा भाग फडक्यानं पुसला, फडकं उलटून बघितलं, थांबला. परत पुसला. फडकं कोरडं. गाडीतल्या बाया काचेतून बघत होत्या, कुसुमताई घड्याळाकडं. त्यानं आणखी थोडा वेळ घेतला. धूर विरळ झाला, मग नाहीसाच झाला.

"कालचं सांडल्यालं व्हतं, जळून गेलं," तो आत बसत म्हणाला. "चल."

"नक्की?"

"हात लावून बघितलंय. चल."

मोनिकानं कुरुळीच्या पुढं आणखी दोन गाड्या मागं टाकल्या, आणि दर वेळी आवाज मोकळा झाला की तिचा खांदा थोडा खाली यायचा.

कंपनीच्या गेटपाशी दादासाहेब खरंच उभा होता, आणि त्याच्यामागं एक पांढरी गाडी, ड्रायव्हर बॉनेटला टेकून तंबाखू मळत. बाया भराभरा उतरल्या. कुसुमताई जाता जाता दादासाहेबाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आज टायमाच्या आदी आलो बाई आमी." तसं काही नव्हतं, जेमतेम वेळेत पोचल्या होत्या. दादासाहेबानं मोबाइलवर वेळ बघितली, मोनिकाकडं बघितलं, मग पांढऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला हात केला. "तू दापोडीवाल्या रूटला जा रं. हितं काम न्हाई."

ड्रायव्हर तंबाखू तोंडात टाकून निघून गेला. तो गेलेला मोनिकानं वळणापर्यंत बघितला.

मग ती दत्तोबाकडं वळली. रात्रपाळीच्या बाया गेटमधून बाहेर यायला लागल्या होत्या.

"काका, ह्यांना घिऊन जायचंय. आता शीट न्हाई."

"ठाऊक हाय."

"फाट्यावर बस भेटंल." तिनं गाडी चालू केली, आणि मग काच खाली करून म्हणाली, "ब्रेकचं काम आसंल तर आनते तुमच्याकडं. इंजिनाचं मातर दिग्विजयला दाखवीन आदी. मग तो सांगंल तसं."

"तसंच कर," दत्तोबा म्हणाला.

बाया आत दाटीवाटीनं बसल्या, दार लागलं, गाडी वळून हायवेला लागली. दत्तोबानं अवजारांची पिशवी खांद्याला मारली आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागला. दिघीला घरी परतल्यावर हाताखालून गेलेल्या बाकीच्या गाड्या त्याला आठवायच्या होत्या. आजवर कुणाकुणाचं झाकण आपण बसवलंय, आणि त्यांतली कुठली गाडी अशी खिट्टीवाली आहे. मोशीचा एक शाळेच्या व्हॅनवाला त्याला चालता चालताच आठवला. त्यानं पिशवी खाली ठेवली, रस्त्याच्या कडेला उभा राहून फोन काढला आणि त्याला लावला.

"दत्तोबा बोलतोय, दिघीचा. तुजी गाडी आज शेडावर आन. न्हाई, बिघडली न्हाई. बिघडायच्या आदी आन."